ट्रॅक्टर पाणी का फेकतो?

(मंडळाच्या गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात, लोधीखेड्याच्या मांडवात झालेल्या भाषणाचा मजकूर)



या मांडवात आजवर संतांवर बोलणे झाले, मधुमेहावर झाले, मुलांच्या अभ्यासावर झाले. यंदा मंडळाने आम्हा दुरुस्तीचे काम करणाऱ्यांना बोलावले आणि विषय दिला तापणाऱ्या ट्रॅक्टरचा. गणपतीसमोर हा काय विषय, असे काहींना वाटले असेल. पण पोळा होऊन अजून आठवडाही झालेला नाही. त्या दिवशी बैलांच्या रांगेमागे किती ट्रॅक्टर हार घालून, गुलाल लावून उभे होते ते सगळ्यांनी पाहिले. तान्ह्या पोळ्याला तर एका पोराने लाकडी बैलाऐवजी खेळण्यातला ट्रॅक्टर सजवून आणला होता. ज्याची पूजा करतो त्याचे दुखणे ओळखता यायला हवे, इतकाच आमचा मुद्दा.

बैल थकला की बसतो. तोंडाला फेस येतो, पराणी टोचली तरी उठत नाही. त्याचे दुखणे डोळ्यांना दिसते. ट्रॅक्टर बसत नाही. त्याच्याजवळ सांगण्यासाठी एक काटा आहे, आणि तो काटा आपल्याकडच्या निम्म्या ट्रॅक्टरांवर एक तर बंद असतो किंवा धुळीने झाकलेला असतो. मग शेवटी रेडिएटरच्या तोंडातून वाफ येते आणि फोन येतो, ‘मिस्त्री भाऊ, ट्रॅक्टर पाणी फेकून राह्यला.’

आधी एक हिशेब सांगतो, कारण तो कळला की बाकीचे आपोआप उलगडते. एक लिटर डिझेल जळले की त्यातून साधारण दहा युनिट विजेइतकी उष्णता निघते. त्यातला तिसरा हिस्सा, फार तर थोडा जास्त, चाकाला आणि रोटाव्हेटरला मिळतो. तितकाच हिस्सा सायलेन्सरमधून धुरावाटे जातो. उरलेला इंजिनच्या अंगात राहतो आणि तो बाहेर काढणे हे पाण्याचे, तेलाचे आणि पंख्याचे काम. तासाला चार लिटर डिझेल पिणारा ट्रॅक्टर घ्या. त्याच्या पाण्यात तासभर जी उष्णता उतरते ती म्हणजे आंघोळीचे पाणी तापवायच्या हजार वॉटच्या दहा सळया एकाच वेळी सोडून दिल्यासारखी आहे. आणि रेडिएटरमध्ये पाणी किती? दोन बादल्यांपेक्षा कमीच. म्हणजे पंखा थांबला किंवा पाणी फिरायचे थांबले, तर काम बिघडायला तास लागत नाही, काही मिनिटे पुरतात.

इथे बसलेल्या वडीलधाऱ्यांना जुनी डिझेल इंजिने आठवत असतील. विहिरीवर किर्लोस्करचे किंवा लिस्टरचे इंजिन बसवलेले, आणि पंपाच्या पाण्यातूनच एक बारीक नळी काढून इंजिनच्या अंगातून फिरवलेली. एका बाजूने विहिरीचे गार पाणी आत, दुसऱ्या बाजूने कोमट पाणी दांडात. आजोबा त्या धारेखाली हात धरून इंजिनची तब्येत सांगायचे. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी पुण्यात १९४६ साली उभी राहिली, आणि पुढच्या काळात आपल्या भागातल्या विहिरींवर त्या इंजिनाचा आवाज गावोगाव ओळखीचा झाला. त्या इंजिनाला रेडिएटर लागत नव्हता, कारण त्याच्या पायाशी अख्खी विहीर होती. ट्रॅक्टरला विहीर सोबत नेता येत नाही. तेच ते पाणी पुन्हा पुन्हा थंड करून वापरावे लागते. त्यासाठी ती बारीक जाळी. १९०० सालाच्या सुमारास जर्मनीत विल्हेल्म मायबाख यांनी मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर मोटारीला बसवला, आणि आजही ट्रॅक्टरच्या तोंडाशी जे आहे त्यामागचा विचार तोच आहे. थोड्या जागेत खूप पृष्ठभाग, आणि त्यातून जोराचा वारा.

आता सगळ्यात महत्त्वाचे आधी सांगतो, म्हणजे कोणाला मध्येच उठून जावे लागले तरी हरकत नाही. काटा लाल पट्टीत गेला तर काय करायचे?

पहिले, लोड काढा. रोटाव्हेटर वर उचला, पीटीओ बंद करा, ट्रॅक्टर सावलीत उभा करा. पंखा फिरत असेल आणि पाणी सांडत नसेल तर इंजिन लगेच बंद करू नका. दोन-चार मिनिटे हळू चालू द्या, म्हणजे पाणी फिरत राहील आणि आतली साठलेली उष्णता निघून जाईल. एकदम बंद केले की पाणी जागच्या जागी थांबते आणि हेडजवळ उकळते. पण पट्टा तुटला असेल, पाइप फुटला असेल, पाणी संपले असेल, तर मात्र क्षणभरही चालवू नका. तिथे थंड करणारे काही उरलेलेच नाही.

दुसरे, झाकण उघडू नका. हे आम्ही शंभरदा सांगतो आणि तरी दरवर्षी कोणाचा तरी चेहरा, छाती, हात भाजलेला दिसतो. आतले पाणी शंभर अंशांच्या वर असूनही पाण्याच्याच रूपात असते, कारण ते दाबाखाली आहे. झाकणावर ०.९ असा आकडा असेल तर तेवढ्या दाबात पाणी सुमारे ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. तुम्ही झाकण फिरवले की दाब गेला, आणि ते सगळे पाणी एका क्षणात उसळते. ओले फडके टाकून उघडले तरी फडके काही वाचवत नाही. वरची रबरी नळी हाताने दाबता येईल इतकी मऊ आणि कोमट होईपर्यंत थांबा. अर्धा तास, पाऊण तास लागेल. तेवढ्यात चहा होतो. आणि एवढे करून कोणी भाजलेच, तर भाजलेल्या जागेवर वाहते साधे पाणी वीस मिनिटे सोडा. टूथपेस्ट नाही, शाई नाही, हळद नाही, बर्फही नाही. त्यानंतर दवाखाना.

तिसरे, तापलेल्या इंजिनावर किंवा रिकाम्या तापलेल्या रेडिएटरमध्ये विहिरीचे गार पाणी ओतू नका. तापल्या तव्यावर पाणी टाकल्यावर काय होते ते इथल्या प्रत्येक बाईला माहीत आहे. तवा तडकला तर नवा येतो. हेड तडकले तर पेरणी जाते.

हे झाले प्रसंगाचे. आता कारण शोधायचे. आमच्याकडे ट्रॅक्टर आला की आम्ही पाना हातात घ्यायच्या आधी एकच गोष्ट विचारतो, केव्हा तापतो? मालकाला या प्रश्नाचा कंटाळा येतो. त्याला वाटते, खोलून पाहायचे सोडून हे काय विचारत बसले. पण अर्धे उत्तर त्यातच असते. रस्त्यावर ट्रॉली ओढताना ठीक, पण रोटाव्हेटर लावला की तापतो, तर वारा कमी पडतोय किंवा जाळी चोंदली आहे. जागेवर उभा राहूनही तापतो, तर पट्टा, पंखा किंवा पाण्याचा पंप पाहा. सकाळी गार इंजिन सुरू करताच पाच मिनिटांत वरची नळी दगडासारखी टणक होते, तर हेड गॅस्केटची शंका घ्या. आणि काटा लाल, पण हात लावला तर इंजिन नेहमीइतकेच गरम, वाफ नाही, वास नाही, तर काटा किंवा त्याचा सेन्सर खोटे बोलतोय. आता लांबून तापमान मोजणारे पिस्तुलासारखे थर्मामीटर स्वस्तात मिळते. गावात दोन-तीन जणांनी मिळून एक घेतले तरी पुष्कळ.

आपल्या भागात, म्हणजे सौंसर-पांढुर्ण्याच्या पट्ट्यात, आमच्याकडे येणाऱ्या तापलेल्या ट्रॅक्टरांत सगळ्यात जास्त वेळा सापडणारे कारण साधे असते, जाळीत अडकलेला कचरा. आपली पिकेच तशी आहेत. कापसाची रुई आणि तंतू, सोयाबीनचा भुसा, गव्हाचा भुसा, संत्र्याच्या बागेतली वाळली पाने, आणि वरून काळ्या मातीची धूळ. जाळीला कुठे तेलाचा किंवा डिझेलचा ओशटपणा असेल तर ही धूळ तिथे लिंपल्यासारखी बसते. बाहेरून पाहिले तर जाळी साफ दिसते, कारण कचरा दोन पदरांच्या मध्ये असतो. बॅटरी पंख्याच्या बाजूला धरा आणि समोरून पाहा. उजेड आरपार येत नसेल तर वाराही येत नाही.

धुताना पाणी पंख्याच्या बाजूने समोर मारायचे. समोरून मारले तर कचरा आणखी आत ठासला जातो. गाड्या धुवायच्या जोराच्या फवाऱ्याने ते पातळ पत्रे झोपतात आणि मग जाळी कायमची बंद. ओशट असेल तर आधी साबणाचे पाणी, तासभर मुरू द्यायचे, मग साधा पाइप. हे इंजिन गार असताना करा.

थ्रेशरच्या वेळी आणखी एक गोष्ट. ट्रॅक्टर वाऱ्याच्या कोणत्या बाजूला लावता? भुसा ज्या दिशेने उडतो त्याच दिशेला ट्रॅक्टरचे तोंड असेल, तर पंखा तो सगळा भुसा जाळीवर ओढून घेतो. उभ्या ट्रॅक्टरला पळण्याचा वारा मिळत नाही, त्याचा सगळा भार पंख्यावर. खळ्यावर उभे राहून आधी चिमूटभर भुसा हवेत सोडून पाहा आणि मग थ्रेशर लावा. आपल्या आज्या उफणणी करताना वारा पाहूनच सूप धरायच्या. ते शहाणपण थ्रेशर आल्यावर का सोडावे?

पंख्याभोवतीचे पत्र्याचे किंवा प्लास्टिकचे कोंडाळे, ज्याला श्राउड म्हणतात, ते दुरुस्तीत अडचण करते म्हणून काढून ठेवतात आणि पुन्हा बसवत नाहीत. त्याशिवाय पंखा जाळीतून वारा ओढण्याऐवजी स्वतःभोवतीचाच गरम वारा घोळवत बसतो. पंखा उलटा बसवलेला ट्रॅक्टरही आम्ही पाहिला आहे. फिरतो मस्त, आवाजही तसाच, पण वारा अर्धाही नाही.

आता पाण्याकडे येऊ. आपल्या तालुक्याचे नाव जगभरच्या भूगर्भशास्त्राच्या पुस्तकांत आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असेल. मध्य भारतातल्या फार जुन्या खडकांच्या एका समूहाला ‘सौंसर समूह’ म्हणतात. मँगनीजच्या खाणी त्याच खडकांतल्या. त्यात संगमरवराचेही थर आहेत, आणि संगमरवर म्हणजे शेवटी चुनाच. बाकी भागात काळा बेसाल्ट. अशा जमिनीतले पाणी जड असते. डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, पाणी तापवायच्या सळईवर पांढरा थर चढतो. तोच थर इंजिनच्या आत, सिलिंडरच्या बाहेरच्या अंगावर चढतो. फरक इतकाच, की सळईवरचा दिसतो. चुन्याच्या थरातून उष्णता ओतीव लोखंडापेक्षा किमान वीस पट कमी सहजतेने जाते. म्हणजे सिलिंडरवर नखाच्या जाडीचा थर बसला की लोखंडाला आतून गोधडी पांघरल्यासारखे होते. काटा कधीकधी नॉर्मल दाखवतो, कारण पाणी खरेच फार तापलेले नसते. तापलेला असतो पिस्टन आणि लायनर.

म्हणून रेडिएटरमध्ये विहिरीचे किंवा बोअरचे पाणी रोज रोज भरू नका. कंपनीने सांगितलेले कूलंट घाला, आणि ते पाण्यात मिसळायचे असेल तर डिस्टिल्ड पाणी किंवा आता गावोगावी मिळणारे आरओचे पाणी घ्या. कूलंट महाग आहे आणि आपल्याकडे बर्फ कुठे पडतो, असे शेतकरी म्हणतात. बर्फासाठी नाही, गंज आणि थर थांबवण्यासाठी घालायचे. शिवाय कूलंट आणि पाणी निम्मे-निम्मे असेल तर ते साध्या पाण्यापेक्षा सहा-सात अंश उशिरा उकळते. नुसते कूलंटही भरू नका, पाणी न मिसळलेले कूलंट उष्णता कमी वाहून नेते.

पण एक गोष्ट गोठ्यावाल्यांनी नीट ऐका. या कूलंटमधला मुख्य पदार्थ, एथिलीन ग्लायकोल, चवीला गोड आणि विषारी असतो. जुने कूलंट काढून टोपल्यात, घमेल्यात तसेच ठेवले आणि वासराने, कुत्र्याने तोंड लावले, तर मूत्रपिंडे जातात. लहान मुलांचेही तेच. काढलेले पाणी झाकण लावून ठेवा. नाल्यात, विहिरीजवळ ओतू नका.

आत चढलेला थर काढता येतो, पण घाई नको. जुने पाणी काढताना रेडिएटरखालचा नळ उघडतात आणि इंजिनच्या ब्लॉकवरचा बूच तसाच राहतो. गाळ असतो तो ब्लॉकच्या तळाशी, म्हणून तो बूच काढायलाच हवा. सुरुवातीला नुसते मातकट पाणी येते किंवा काहीच येत नाही, तारेने टोकरावे लागते. त्यानंतर लिंबाचे फूल पाण्यात कालवून फिरवतात, मग दोन-तीन वेळा स्वच्छ पाण्याने खळखळून काढतात. संत्र्याच्या गावात आंबटानेच इंजिन साफ व्हावे हे आम्हाला गमतीचे वाटते. पण नवीन ट्रॅक्टरांत ॲल्युमिनियमचे रेडिएटर असतात आणि त्यांना कॉस्टिक सोडा तर अजिबात चालत नाही, तो ॲल्युमिनियम खातो. तीव्र ॲसिडही नको. पितळ-तांब्याचा जुना रेडिएटर आहे की ॲल्युमिनियमचा, हे पाहिल्याशिवाय आत काही ओतू नका.

पट्ट्याचे फार बोलत नाही. दोन पुल्यांच्या मधोमध अंगठ्याने दाबला की साधारण अर्धा इंच आत जावा. चकाकणारा, चिरा पडलेला पट्टा बदला आणि जुना चालू असेल तर डब्यात ठेवा, रानात उपयोगी पडतो. वॉटर बॉडी, म्हणजे पाण्याचा पंप, त्याच्या पोटाखाली एक बारीक छिद्र असते. तिथून थेंब येऊ लागले की आतले सील गेले. काही जण ते छिद्र एमसीलने बुजवतात. छिद्र बुजले की पाणी बेअरिंगमध्ये जाते, बेअरिंग अडकते, पट्टा तुटतो, आणि मग पंखा घरंगळत जाळीत शिरतो.

झाकण ही आम्हाला सगळ्यात आवडती वस्तू. इतकी स्वस्त आणि इतके नुकसान करणारी दुसरी नाही. त्याचे रबर कडक झाले किंवा स्प्रिंग मेली, की दाब टिकत नाही. मग पाणी लवकर उकळते, बाटलीत जाते, तिथून बाहेर जाते. लोक रेडिएटर दुरुस्तीला टाकतात आणि झाकण तेच जुने लावतात. झाकणात दुसराही एक छोटा व्हॉल्व असतो, इंजिन गार होताना बाटलीतले पाणी परत आत घेणारा. सकाळी वरची रबरी नळी चपटी, पोट खपाटीला गेल्यासारखी दिसली, तर तो व्हॉल्व अडकला आहे असे समजा. झाकण बदलताना त्यावरचा आकडा जुळवून घ्या. बसते म्हणून दुसऱ्या गाडीचे लावू नका.

आणि थर्मोस्टॅट. हे पाहा, इथे टेबलावर शेगडी, पातेले आणि थर्मामीटर ठेवले आहे. हा एका जुन्या ट्रॅक्टरचा थर्मोस्टॅट, त्यावर ८२ लिहिले आहे. दोऱ्याने पाण्यात लटकवला आहे, तळाला टेकू द्यायचा नाही. पाणी तापू लागले आहे. साठ अंशांना बंद. सत्तरला बंद. आता ऐंशीच्या पुढे पाहा, ती चकती हळूच उचलायला लागली. आत मेण आहे, ते वितळून फुगते आणि चकती ढकलते. बस, एवढेच यंत्र. घरी कोणालाही करता येईल अशी परीक्षा आहे. नव्वदच्या पुढेही उघडला नाही तर तो मेलेला.

आपल्याकडे त्याला ‘व्हॉल’ म्हणतात आणि ‘उन्हाळा आहे, व्हॉल काढून टाक’ हा सल्ला पानटपरीवर फुकट मिळतो. तो मानू नका. थर्मोस्टॅट नसला की इंजिन नीट तापतच नाही. डिझेल जास्त पिते, तेलात न जळलेले डिझेल उतरते, रिंग-लायनर लवकर झिजतात. आणि काही इंजिनांत थर्मोस्टॅट आडवाटेचे तोंडही बंद करतो. तो काढला तर पाणी रेडिएटरला वळसा घालून तसेच परत इंजिनात जाते, म्हणजे थंड करायला काढला आणि त्यामुळेच तापला.

एक उदाहरण जरा सविस्तर सांगतो, कारण तपास कसा करायचा ते त्यातून दिसते. एका बागाइतदाराचा ट्रॅक्टर. मृग बहारासाठी बागेला ताण दिलेला, उन्हाळ्यात रोटाव्हेटर चालू. अर्धा तास झाला की काटा लाल. त्यांनी जाळी धुतली, पट्टा बदलला, वॉटर बॉडी नवी टाकली, थर्मोस्टॅट नवा टाकला, झाकणही नवे. पैसे गेले, तापणे राहिले. आमच्याकडे आणला आणि तासभर जागेवर सुरू ठेवला तर काटा हलला नाही. इथे मालक वैतागला, म्हणाला, तुमच्या दारात तो शहाण्यासारखा वागतो.

आम्ही एकच विचार केला. रिकामा चालताना ठीक, कामावर बिघडतो, तर दोन्हींत फरक काय? कामावर इंजिन जास्त फेऱ्यांवर असते आणि जास्त गरम असते. म्हणून ते बागेत नेऊन अर्धा तास काम करवले, मग उभे करून फेऱ्या वाढवल्या आणि लांबूनच खालच्या रबरी नळीकडे पाहत बसलो. फेऱ्या वाढताच नळी चपटी झाली, दोन्ही बाजू जवळजवळ चिकटल्या. फेऱ्या कमी केल्या, पुन्हा गोल. खालच्या नळीतून पंप पाणी ओढत असतो, ढकलत नसतो. म्हणून त्या नळीच्या आत बऱ्याचदा तारेची स्प्रिंग असते, ओढीने ती बसू नये यासाठी. कधीतरी पूर्वी कोणी साधी नळी टाकली होती आणि स्प्रिंग बसवायची राहिली होती. गार असताना रबर कडक, म्हणून काही कळत नव्हते. गरम झाले की मऊ. स्प्रिंगवाली नळी बसवली. त्या ट्रॅक्टरने उरलेली बाग त्याच आठवड्यात पूर्ण केली. हे पाहताना पंख्यापासून दूर राहा, गळ्यात दुपट्टा, अंगात सैल सदरा नको.

कधीकधी थंड करणारे सगळे ठीक असते आणि इंजिनच गरजेपेक्षा जास्त उष्णता करत असते. रोटाव्हेटर जास्त खोल घातला, चुकीच्या गिअरवर इंजिन दाबून चालवले, एअर क्लीनर धुळीने भरला, नोझल थेंब टाकतोय, डिझेल पंपाचे टायमिंग सरकले, ब्रेक घासतोय. सायलेन्सरमधून सतत काळा धूर येत असेल तर आधी इकडे पाहा. ट्रॅक्टरच्या ताकदीपेक्षा मोठे औजार हे आपल्याकडचे नवे दुखणे आहे. शेजाऱ्याने सात फुटी रोटाव्हेटर आणला म्हणून आपणही. शेजाऱ्याचा ट्रॅक्टर पन्नास हॉर्सपॉवरचा होता, हे विसरायचे. आयशरच्या काही मॉडेलांत इंजिन हवेनेच थंड होते, रेडिएटरच नाही. तिथे सिलिंडरवरच्या पाकळ्यांमधली माती खरवडणे आणि ब्लोअरची वाट मोकळी ठेवणे हेच औषध.

आपल्याच राज्यात, सीहोर जिल्ह्यातल्या बुधनीला १९५५ पासून केंद्र सरकारची संस्था आहे. तिथे ट्रॅक्टरांची परीक्षा होते, आणि त्यात ४३ अंशांच्या आसपासच्या गरम हवेतही इंजिन चालवून पाहतात. आपला मे महिना त्याच्याही पुढे जातो, आणि बागेत झाडांच्या मध्ये, जमिनीलगत, वारा नसताना त्याहून जास्त. म्हणजे कारखान्याने दिलेली शिल्लक आपल्याकडे उन्हानेच संपवलेली असते. जाळी पाव हिस्सा चोंदली तर डिसेंबरात कळत नाही, मेमध्ये कळते. शक्य असेल तर उन्हाळ्यात जड काम पहाटे आणि संध्याकाळी घ्या.

हेड गॅस्केटचे सांगून थांबतो. इंजिन गार असताना झाकण काढा, पाणी गळ्यापर्यंत भरा आणि सुरू करा. सुरू होताच सतत बुडबुडे येत राहिले तर जळलेला वायू पाण्यात शिरतोय. तेलाच्या काडीवर दुधाच्या चहासारखा रंग दिसला तर पाणी तेलात गेले, आणि मग इंजिन एकदाही सुरू करू नका. हेड काढले की नवी गॅस्केट टाकून बंद करू नका. सरळ पट्टी ठेवून हेड वाकले आहे का पाहायला सांगा, वाकले असेल तर लेथवाल्याकडून फेस मारून घ्या. बोल्ट मधून बाहेर, क्रमाने, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्कच्या पान्यानेच आवळायचे. अंदाजाने आवळलेले हेड पुन्हा येते. आणि रेडिएटरमध्ये हळद टाकून गळती थांबवण्याची जुनी युक्ती आहे ना, ती घरी पोचण्यापुरती खरी आहे. पण घरी आल्यावर धुतली नाही तर तीच हळद बारीक नळ्यांत बसते.

आणखी एक, यंत्राबाहेरचे. ट्रॅक्टरचा मालक एक आणि चालवणारा दुसरा असतो. काटा वर गेलेला ड्रायव्हरला दिसतो, पण थांबलो तर मालक म्हणणार काम टाळतो, आणि सांगितले तर म्हणणार तूच बिघडवला. म्हणून तो गप्प राहतो आणि तास पुरा करतो. आमच्याकडे सीझ होऊन आलेल्या इंजिनांत हेच पुन्हा पुन्हा आढळते. चालवणाऱ्याला मालकाने स्वतःच्या तोंडाने सांगून ठेवावे, की काटा वर गेला तर ट्रॅक्टर थांबव, त्या दिवसाची मजुरी कापणार नाही.

भाषणानंतर एका ताईंनी विचारले, हिरवे कूलंट चांगले की लाल? रंगाला काही अर्थ नाही, तो कंपनीने आपल्या मर्जीने टाकलेला असतो. ट्रॅक्टरच्या पुस्तकात कोणत्या प्रतीचे कूलंट लिहिले आहे ते डब्यावर वाचून घ्या, आणि दोन रंगांचे एकत्र करू नका. पुस्तक हरवले असेल तर आत आहे ते पूर्ण काढा, धुवा आणि एकाच प्रकारचे नव्याने भरा. सोयाबीन निघायच्या आत हे झाले तर उत्तम.